ते तीनशे कोटी ‘कमाई’ नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतले अद्‌भुतकादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांच्यावर पानभर लेख आला. मराठी वृत्तपत्रात या प्रकारच्या लेखकाला एवढी जागा मिळणं विरळाच, त्याबद्दल आधी आभार. पण लेखाच्या मधोमध ठळक चौकट होती : ‘एका महिन्यात तीनशे कोटींची कमाई!’ यातला आकडा बरोबर आहे, शब्द चुकला आहे. आणि तो एक शब्द चुकल्यामुळे लेखातलं पुढचं बरंच काही तिरकं गेलं आहे. पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. कात्री लावायचीच असेल तर शेवटून लावू नये, एवढी विनंती.

१ मार्च २०२२ रोजी सँडरसन यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर चार नव्या पुस्तकांची आगाऊ नोंदणी सुरू केली. उद्दिष्ट दहा लाख डॉलरचं होतं, ते तासाभराच्या आतच ओलांडलं गेलं. महिनाअखेर १,८५,३४१ लोकांनी मिळून ४,१७,५४,१५३ डॉलर भरले होते. तेव्हाच्या भावाने हे तीनशे कोटी रुपयांच्या वर जातात. आता साधा भागाकार करावा. माणशी सव्वादोनशे डॉलर येतात. चार ई-पुस्तकं हवी असतील तर ४० डॉलर, त्यांबरोबर ध्वनिपुस्तकंही हवी असतील तर ६०, पुठ्ठाबांधणीच्या छापील प्रती हव्या असतील तर १६०, आणि वर्षभर दरमहा काहीतरी घरी यावं, म्हणजे चार महिने पुस्तक आणि उरलेले आठ महिने भेटवस्तूंचं खोकं, असं हवं असेल तर ५००, असे दर होते. सरासरी सव्वादोनशेवर गेली याचा अर्थ पैशाचा मोठा भाग कागद, पुठ्ठा आणि खोक्यांसाठी आला. ई-पुस्तकाची लाखावी प्रत फुकट निघते. छापील पुस्तकाच्या लाखाव्या प्रतीलाही कागद लागतो, बाइंडर लागतो आणि पार्सल बांधणारा माणूस लागतो.

वजावट कशी होते तेही पाहू. किकस्टार्टर नियमाप्रमाणे पाच टक्के घेतं. कार्डावरून पैसे वळते करून देणारे साधारण तीन टक्के आणि दर व्यवहारामागे वीस सेंट घेतात. दोन्हींची बेरीज तेहतीस लाख डॉलरच्या वर जाते, आणि इथवर एकही पान मशिनवर चढलेलं नाही. मग छपाई. ही पुस्तकं साधी नव्हती : मुखपृष्ठावर फॉइलचं काम, आत रंगीत चित्रं, प्रत्येक पुस्तकाची सजावट वेगळी. त्यानंतर पाठवणी. पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाचा शत्रू म्हणजे खोक्यातली मोकळी जागा. बोटभर जागा सुटली तरी पुस्तक आत सरकतं, प्रत्येक हिसक्याला कोपरा आपटतो आणि महाग प्रत ‘कोपरा दबलेली’ म्हणून परत येते. म्हणून अशा कामात मागणीपेक्षा काही टक्के प्रती जास्तीच्या छापून ठेवाव्या लागतात, त्यांचा खर्चही याच रकमेतून. टपालखर्च मात्र वाचकांकडून नंतर वेगळा घेतला गेला, तो या आकड्यात नाही. एवढं सगळं होऊन जे उरतं ती कमाई. ती थोडी नसणार, सँडरसन काही गरीब लेखक नाहीत. पण नोंदणीच्या रकमेला कमाई म्हणणं म्हणजे कॅटररने घेतलेल्या लग्नाच्या ऑर्डरला त्याचा नफा म्हणण्यासारखं आहे.

लेखात पुढे म्हटलं आहे की वाचकांनी ‘निव्वळ विश्वासावर’ पैसे दिले. हे वाक्य सगळ्यात जास्त दिशाभूल करतं. पैसे मागितले त्या दिवशी चारही कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. २०२० नंतर साथीमुळे दौरे, संमेलनं, स्वाक्षऱ्यांचे कार्यक्रम बंद पडले. प्रवासातून वाचलेल्या वेळात ठरलेल्या कामाव्यतिरिक्त ही पुस्तकं लिहिली गेली, तीही प्रकाशकाला वा वाचकाला चाहूल न लागू देता. मोहिमेच्या सुरुवातीच्या चित्रफितीत त्यांनी कबुली दिल्याच्या थाटात सांगितलं ते हेच. पुढे २०२३च्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये चारही पुस्तकं निघाली. म्हणजे वाचकाच्या बाजूने धोका होता तो छपाईचा आणि टपालाचा. लेखकाला पुढचं सुचेल की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता.

हा फरक आपल्याकडे समजावून सांगायची गरज पडू नये. प्रकाशनपूर्व सवलत योजना मराठी ग्रंथव्यवहारात जुनी आहे. कोश, चरित्रखंड, समग्र वाङ्मय अशा मोठ्या कामांना ती पद्धत चांगली मानवली. ती बिघडते तेव्हा बहुधा एकाच रीतीने बिघडते. मजकूर अपुरा असताना नोंदणी सुरू होते आणि किंमत त्या दिवशीच्या कागदाच्या भावावर ठरते. मग लेखक लांबतो, त्याच्याबरोबर पानं वाढतात, कागद महागतो. आधी घेतलेले पैसे वाढवून मागता येत नाहीत. मग ७० जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणारा) कागद ६०वर येतो, शिलाईच्या जागी नुसता गोंद येतो, किंवा एका खंडाचे दोन होतात आणि दुसऱ्याचे पैसे वेगळे. पुरवणीतला लेख वाचून हुरूप आलेल्या एखाद्या तरुण मराठी लेखकाने तीन प्रकरणांवर नोंदणी सुरू केली, तर त्याचं हेच होणार. म्हणून चौकटीतल्या एका शब्दावर एवढा खल.

अशा योजनेत टपालाचा हिशेबही दरवेळी नव्याने करावा लागतो. रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलत डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली आणि जुन्या दराने आकडेमोड करून बसलेले लहान प्रकाशक अडकले. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून सुरू होऊन पाच किलोला १०० रुपयांपर्यंत जातात, कर वेगळा. पण शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी असलेल्या त्या सोयीत राक्षस-जादूगारांची कादंबरी बसवून घेतात का, हे नोंदणी जाहीर करण्याआधी पोस्टाच्या खिडकीवर विचारून घेतलेलं बरं.

दुसरं म्हणजे, २०२२ हे एकदम आभाळातून पडलेलं नाही. सँडरसन यांनी प्रकाशकांशी करार करताना एक हक्क स्वतःकडे ठेवला : कातडी बांधणीच्या विशेष आवृत्तीचा. बाजारातली नेहमीची आवृत्ती टॉर या प्रकाशनसंस्थेची, आणि दहा वर्षं झाली की कातडी आवृत्ती लेखकाच्या स्वतःच्या कंपनीची, अशी वाटणी. पहिल्या पुस्तकाची अशी आवृत्ती २०१५मध्ये आली. २०२०मध्ये मोठ्या मालिकेतल्या पहिल्या खंडासाठी किकस्टार्टरवर नोंदणी घेतली, तेव्हा ६७ लाख डॉलरच्या वर रक्कम जमली होती. गोदाम कसं लावायचं, पत्ता चुकलेलं पार्सल परत आलं तर काय करायचं, दुसऱ्या देशातल्या कस्टमच्या कागदावर काय लिहायचं, हे सगळं त्या काळात घोटून झालं होतं. भारतातून मागवणाऱ्यांना यातला शेवटचा मुद्दा चांगला कळतो. २०१९च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क लागलं. पुस्तकाबरोबर त्याच खोक्यात पितळी नाणी, टीशर्ट असलं काही आलं की त्याचा हिशेब पुन्हा वेगळा.

लेखकाने हा उपद्‌व्याप का करावा, याचं उत्तर मानधनाच्या कोष्टकात आहे. अमेरिकेत पुठ्ठाबांधणीवर रूढ दर असा : पहिल्या पाच हजार प्रतींवर छापील किमतीच्या १० टक्के, पुढच्या पाच हजारांवर साडेबारा, त्यापुढे १५. साध्या बांधणीला साडेसातच्या आसपास. ई-पुस्तकावर प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेच्या २५ टक्के. यातले १५ टक्के एजंटचे. सुरुवातीला मिळणारी आगाऊ रक्कमही एकरकमी नसते, सहीला थोडी, हस्तलिखित स्वीकारल्यावर थोडी, प्रकाशनाला उरलेली. ती वसूल होईपर्यंत पुढचा पैसा नाही. वर दुकानदार न खपलेल्या प्रती परत करू शकतात, म्हणून प्रकाशक सहामाही हिशेबात ‘परतीसाठी राखीव’ म्हणून काही रक्कम अडवून ठेवतो. नव्या लेखकाला पहिला हिशेब पाहून धक्का बसतो तो या ओळीमुळे : खप दिसतो, पैसा दिसत नाही. मराठीत आगाऊ रक्कम क्वचित, एजंट जवळपास नाहीच आणि हिशेब वर्षातून एकदा, तोही मागितला तर. तेव्हा आपण हसायला नको.

सँडरसन या कोष्टकातूनच वर आले. विद्यापीठात शिकताना ते हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करत. रात्री गिऱ्हाईक नसतं, लिहायला वेळ मिळतो, म्हणून मुद्दाम पत्करलेली नोकरी. पहिलं पुस्तक विकलं जाईपर्यंत त्यांच्या डझनभर कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. २००५मध्ये टॉरने छापली ती लिहिल्याच्या क्रमाने सहावी. संपादकाकडे हस्तलिखित पाठवल्यापासून होकार यायला दीड वर्ष लागलं, तोवर ते लेखकाच्या मनातून जवळपास पुसलंही गेलं होतं. आपल्या लेखात ‘पहिल्याच कादंबरीने नाव झालं’ असं आहे. आधीच्या पाच आणि नंतरच्या काही कादंबऱ्या ट्रंकेत पडून होत्या, हे सांगितलं असतं तर वाचकाला जास्त उपयोग झाला असता.

कामाचा दिवस कसा असतो यावर लेखात दोनच ओळी होत्या, त्याही ‘पहाटेच्या शांततेत लेखणी झरते’ अशा. प्रत्यक्षात हे गृहस्थ पहाटे झोपलेले असतात. दुपारी लिखाणाची पहिली पाळी, संध्याकाळ पूर्ण घरासाठी, आणि दहाच्या सुमारास दुसरी पाळी सुरू होते ती मध्यरात्रीनंतर दोन-एकपर्यंत. दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द. हे ऐकायला फार वाटत नाही. पण आठवड्याचे पाच दिवस रोज अडीच हजार म्हणजे साडेबारा हजार, आणि चार लाख शब्दांचा खंड असेल तर फक्त पहिला खर्डा व्हायला बत्तीस आठवडे. चार लाख शब्द म्हणजे किती? मराठी डेमी पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, त्या मापाने तेराशे ते सोळाशे पानं. यात दौरे नाहीत, आजारपण नाही, मधेच आलेली दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं नाहीत.

खर्डे साधारण पाच होतात. पहिला सरळ शेवटापर्यंत, मागे न वळता. मध्ये एखाद्या पात्राचा भाऊ नको, बहीण हवी असं लक्षात आलं तर पुढे बहीण म्हणूनच लिहीत जायचं, मागचं तसंच ठेवायचं. दुसऱ्या खर्ड्यात असले सांधे जुळवायचे. मग मजकूर ‘अल्फा’ वाचकांकडे जातो, म्हणजे संपादक, एजंट आणि कचेरीतली माणसं. तिसऱ्या खर्ड्यानंतर ‘बीटा’ वाचक. हे निवडलेले सामान्य वाचक असतात आणि ते प्रकरणागणिक एका सामायिक तक्त्यात लिहितात : इथे कंटाळा आला, इथे गोंधळ झाला, हे पात्र खोटं वाटलं. उपाय सुचवायचा नसतो, फक्त कुठे दुखतं ते सांगायचं. या शिस्तीमागे कारण आहे. वाचक उपाय सांगायला लागला की तो आपल्या मनातली वेगळी कादंबरी सांगतो. दुखणं मात्र तो बिनचूक सांगतो. शेवटी ‘गॅमा’ वाचक, ते म्हणजे आपले मुद्रितशोधक. आपल्याकडे या तिघांपैकी एवढेच असतात, आणि त्यांच्याकडूनच आधीच्या दोघांचं काम उरकून घेण्याची आशा असते.

एक खर्डा फक्त कापण्यासाठी असतो. लक्ष्य ठरलेलं : दहा टक्के शब्द कमी. प्रसंग तोच ठेवून वाक्यं आवळायची. चार लाखांतून चाळीस हजार शब्द जातात, म्हणजे एक मध्यम मराठी कादंबरी.

सलगता हे या लेखनप्रकारातलं खास दुखणं. एका विश्वात डझनावारी पुस्तकं असली की घोड्याचा रंग, दोन शहरांमधलं अंतर, कोणाला कोणतं गुपित कधी कळलं, हे लेखकाच्या डोक्यात राहत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे अंतर्गत विश्वकोश आहे आणि फक्त सलगता तपासणारी स्वतंत्र संपादकही आहे. चुका मोठ्या ठिकाणी होत नाहीत. लढाई कोण जिंकलं ते सगळ्यांना आठवतं. चूक होते ती दिवसांच्या मोजणीत. एक पात्र तीन दिवसांत पोचतं, त्याच वाटेने निघालेलं दुसरं दहा दिवसांत, आणि दोघं एकाच संध्याकाळी भेटतात. वाचक पहिल्या आठवड्यात हे पकडतात.

सँडरसन यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या टक्केवारीच्या पट्ट्यांचा लेखात ‘जाहिरातीची क्लृप्ती’ असा उल्लेख आहे. त्या पट्ट्या नीट पाहाव्यात. चालू पुस्तकाच्या नावापुढे खर्ड्याचा क्रमांक आणि झालेलं काम टक्क्यांत, एवढंच असतं. पहिला खर्डा १०० टक्के झाला की काही दिवसांनी तीच पट्टी दुसऱ्या खर्ड्यासाठी पुन्हा खाली येते. नवा वाचक बिचकतो, काल झालेलं पुस्तक आज दहा टक्के कसं? जुना वाचक त्याला समजावतो. ‘लिहून झालं’ आणि ‘पुस्तक झालं’ यांतलं अंतर या एका पट्टीने लाखो लोकांना शिकवलं, आणि ‘पुढचा खंड कधी?’ असं विचारणाऱ्या पत्रांना उत्तर देण्याचं काम आपोआप कमी झालं. यातला कळीचा भाग असा की पट्टी वाईट महिन्यातही दिसते. न हलणारी पट्टी चारचौघांत टांगून ठेवायला धैर्य लागतं.

दर डिसेंबरला ते वर्षाचा लांबलचक अहवाल प्रसिद्ध करतात, काय लिहिलं, काय रखडलं, चित्रपटाच्या बोलण्यांचं काय झालं. २०२२च्या अहवालात त्यांनी ध्वनिपुस्तकांच्या बाजाराचं गणित मांडलं. ऑडिबल ही त्या बाजारातली सर्वांत मोठी कंपनी, आणि स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकाला पुस्तक फक्त त्यांच्याकडेच दिलं तर तेव्हा ४० टक्के मिळत, इतरत्रही दिलं तर २५. डिजिटल विक्रीच्या बाकीच्या बाजारात ७० टक्के निर्मात्याला ही रीत रूढ असताना. म्हणून त्यांनी ती चार पुस्तकं ऑडिबलला दिली नाहीत, स्पॉटिफाय आणि स्पीचिफायकडे दिली. स्वतंत्र लेखकांसाठी अटी सुधारण्याचं बोलणं झाल्यावर, २०२४मध्ये, ती तिथे गेली. मोठ्या लेखकाने स्वतःपुरता चांगला दर गुपचूप मिळवणं सोपं होतं, तो रस्ता त्यांनी घेतला नाही. आपल्या लेखात हा भाग गाळलेला आहे. माझ्या मते चौकट याची व्हायला हवी होती.

आता जाहीर कार्यक्रमांकडे. स्वाक्षरीची रांग म्हणजे वेळेचं निर्दय गणित. सहाशे माणसं, प्रत्येकाला अर्धा मिनिट, म्हणजे पाच तास सलग. त्यात प्रत्येकाने तीन पुस्तकं आणली आणि नाव घालून मागितलं तर मध्यरात्र. म्हणून रांगेत फिरणारे स्वयंसेवक नाव आधीच चिठ्ठीवर लिहून त्या पानात खोचतात. परक्या नावाचं स्पेलिंग टेबलाशी विचारत बसलं की रांग थिजते.

दुकानांत मिळणाऱ्या ‘स्वाक्षरीयुक्त’ प्रतींचं तंत्र निराळं. लेखकाकडे पुस्तकं जात नाहीत, सुटे कागद जातात. त्यांवर सही होते, कागद छापखान्यात परत येतात आणि बांधणीच्या वेळी पहिल्या फर्म्याला, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या पहिल्या जुडीला, कडेने गोंदाची बारीक रेघ देऊन चिकटवले जातात. सँडरसन प्रश्नोत्तरांच्या थेट प्रक्षेपणात बोलता बोलता हेच करत असतात, बाजूला कोणीतरी सही झालेला कागद सरकवतं, नवा पुढे करतं. कागदामागे चार सेकंद धरले तरी हजाराला तास-सव्वातास. बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या सहीचा ठसा दुसऱ्याच्या पाठीवर उमटतो. सही चिकटवायच्या कडेशी गेली तर शिवणीत गडप होते. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर नसेल तर गोंदाच्या ओलीने पान वाकतं आणि पुस्तक कायमचं फुगलेलं दिसतं. म्हणून बाइंडर नेहमी मोजून जास्तीचे कागद मागतो. आपल्याकडे प्रकाशन समारंभात पाच वक्ते बोलतात, सहाव्याला लेखकाचं नाव नीट आठवत नाही, आणि सह्या व्हायच्या तेव्हा हॉलवाला दिवे बंद करत असतो. सुट्या कागदांचा हा उपाय तरी उचलण्यासारखा आहे.

रांगेत वाचक कथेविषयी प्रश्न विचारतात आणि उत्तरं ध्वनिमुद्रित करतात. त्या उत्तरांचा चाहत्यांनी शोधता येईल असा संग्रहच केला आहे. सहज निसटलेलं वाक्य दहा वर्षांनी पुराव्यासारखं समोर येतं. जे सांगायचं नाही त्यासाठी एक कार्ड हातात ठेवतात, त्यावरच्या चार इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘वाचा, म्हणजे कळेल’. ही युक्ती मूळची ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्‌भुतमालिकेचे लेखक रॉबर्ट जॉर्डन यांच्याकडून आलेली.

जॉर्डन यांच्याबद्दलही लेखात घाई झाली आहे. ‘त्यांची शेवटची कादंबरी सँडरसन यांनी पूर्ण केली’ असं एका वाक्यात आटोपलं आहे. जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजी गेले. मागे होती टिपणं, काही लिहिलेले आणि काही सांगून टिपून घेतलेले प्रसंग, शेवटाचा काही भाग. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅक्डूगल यांनी सँडरसन यांचा श्रद्धांजलीपर मजकूर वाचला, मग त्यांची एक कादंबरी वाचली आणि काम सोपवलं. एका खंडात संपणार म्हणून हाती घेतलेलं ते काम २००९, २०१० आणि २०१३ अशा तीन जाड खंडांत संपलं. दुसऱ्याच्या शैलीची नक्कल करायची नाही, पण पात्रांना वळण त्यांचंच द्यायचं, ही तारेवरची कसरत होती आणि ती प्रत्येक पानावर साधलेली नाही. विनोदी पात्राच्या तोंडी पहिल्या खंडात जी भाषा गेली ती अनेक वाचकांना खटकली, आणि लेखकाने ती तक्रार मान्यही केली.

आता शेवटची दुरुस्ती, तीही छायाचित्राखालच्या ओळीची. फोटोत दोन जाड पुस्तकं शेजारी ठेवली आहेत आणि खाली छापलं आहे, ‘मालिकेतील पहिली दोन पुस्तकं’. ती दोन पुस्तकं नाहीत. एकाच पुस्तकाचे दोन भाग आहेत. अमेरिकेत मोठे खंड हजार-अकराशे पानांच्या एकाच ठोकळ्यात निघतात. १,०८८ पानांचं पुस्तक म्हणजे सोळापानी अडुसष्ट फर्मे, पाठपोट छापलेले ५४४ कागद. नेहमीच्या जाडीच्या कागदावर कणा पाच सेंटिमीटरच्या वर जातो, बांधणीचं यंत्र त्यापुढे फारसं घेत नाही. पुठ्ठाबांधणी आणि पातळ कागद असेल तर निभतं. साध्या बांधणीत एवढा कणा नुसत्या गोंदावर उभा राहत नाही, मधोमध उघडलं की तिथेच चीर पडते आणि आठवड्याभरात पानं हातात येतात. म्हणून लंडनचं गोलांझ प्रकाशन साध्या बांधणीत त्याच पुस्तकाचे दोन भाग करतं, आणि भारतात दुकानांतून येतात ते बहुधा हेच. दोन भागांच्या दोन किमती पडतात हेही खरं, आणि प्रकाशकाला त्याचं फार दुःख होत असेल असं वाटत नाही. पण आपल्या ओळीवर विसंबून कोणी फोटोतला उजवीकडचा भाग स्वतंत्र पुस्तक समजून आणला, तर त्याची सुरुवात थेट गोष्टीच्या मध्यावर होईल. कण्यावर ‘पार्ट टू’ लिहिलेलं आहे. अक्षर बारीक आहे, पण फोटोतही वाचता येतं.

आपला,
ग्रंथनिर्मितीच्या कामातील एक वाचक, पुणे